'व्यवसाय' नावाचा रकाना

चि. छोटीस,


परवा रात्री फोनवर तुझा आवाज बसलेला होता. आशाताईंनी मोतीबिंदूच्या बासष्ट जणांची यादी केली, तू स्वतः टॉर्च घेऊन वस्त्या-तांड्यांवर फिरलीस, शिबिराच्या गाडीवाल्याला सकाळी सातला पारावर उभं केलंस, आणि गाडीत बसले अकरा. त्यातही दोघांना तालुक्याला दुसरंच काम होतं, म्हणजे त्यांचं जाण्याचं भाडं वाचलं. मग तू म्हणालीस, "मामा, या लोकांना डोळ्यांची किंमतच नाही."

मी तेव्हा गप्प बसलो. कारण हेच वाक्य मी डोळ्यांच्या खात्यातल्या नोकरीतली पहिली दोन-तीन वर्षं रोज बोलत होतो, अगदी तुझ्याच सुरात. ते का सोडलं हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं तर तू निळ्या खुणा करून मोकळी होशील. म्हणून कागद घेतला.

आधी तुझ्या त्या अकरा जणांकडं बघू. ते काय करतात, असं मी विचारलं तेव्हा तू रजिस्टर उघडून 'व्यवसाय' हा रकाना वाचून दाखवलास. शेती, शेती, घरकाम, शेती, शेती. तो रकाना कसा भरतात ते मला ठाऊक आहे. बाहेर रांग असते, लिहिणाऱ्याला घाई असते, तो वर एकदा 'शेती' लिहितो आणि खाली ठिपके देत जातो. पण मी खोदून विचारलं तेव्हा काय निघालं? दोन निवृत्त गुरुजी. एक पोस्टातला. गावातला शिंपी. किराणा दुकानदार आणि त्याची आई. विकास सोसायटीचा सचिव. बागायतदारांच्या घरातल्या तीन म्हाताऱ्या. आणि देवळातला गुरव. आता मला सांग, यातल्या कुणाची त्या दिवसाची मजुरी बुडाली? शिंप्याची बुडाली असेल थोडी. पण त्याला सुईत दोरा जाईना, म्हणजे त्याचा धंदाच बसला होता. त्याला यावंच लागलं.

जे एक्कावन्न आले नाहीत, त्यांच्या नावांपुढंही 'शेती'च लिहिलंय. शेत किती जणांच्या नावावर आहे, ते तलाठ्याला विचार.

तू हिशेबाची पक्की आहेस म्हणून हिशेबच मांडतो. ऑपरेशन फुकट, लेन्स फुकट, गाडी फुकट, जेवण फुकट. आपण पत्रकावर 'मोफत' हा शब्द सगळ्यात ठळक छापतो. गुरुजींना ते खरंच मोफत पडतं, कारण पेन्शन पहिल्या तारखेला येते, डोळ्याला पट्टी असो वा नसो. आता खुरपायला जाणारी बाई घे. ऑपरेशननंतर आपण तिला काय सांगतो? महिनाभर वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, चुलीपुढं बसायचं नाही, धुळीत जायचं नाही. अगं, यातलं एकेक 'नाही' म्हणजे तिचं एकेक काम आहे. सगळी पाळली तर तिच्या दिवसात उरतं काय? रोजगार हमीचा २०२५-२६ सालचा दर दिवसाला ३१२ रुपये होता, तोच धरू. महिन्याचे २६ रोज, म्हणजे ८,११२ रुपये. तिच्यासोबत कुणीतरी हवं: ऑपरेशनच्या दिवशी, दुसऱ्या दिवशी पट्टी काढायला, मग आठवड्यानं, मग महिन्यानं. सोबतच्याचे चार रोज, १,२४८. झाले ९,३६० रुपये. रोज काम मिळतं कुठं, असं म्हणशील. मिळत नाही, म्हणून तर मिळतं त्या दिवशी सोडवत नाही. एकाच टेबलावर, एकाच डॉक्टरांच्या हातून, एकाच लेन्सचं ऑपरेशन गुरुजींना शून्य रुपयांत आणि तिला नऊ-साडेनऊ हजारांत पडतं. हे पत्रकावर कुठं छापलेलं नसतं, पण तिला तोंडपाठ असतं.

तुमच्या अभ्यासक्रमात होतं की नाही ठाऊक नाही, दक्षिणेतल्या खेड्यांचा एक अभ्यास १९९९ साली छापून आला होता. गावाजवळ शिबिर होऊनही, डोळ्यांची तक्रार असलेल्या शंभर माणसांतली जेमतेम सात तिथं गेली होती. न गेलेल्यांनी सांगितलेल्या कारणांत भीती होती, खर्च होता, आणि काम सोडून, घर सोडून येता येत नाही हेही होतं. तुझे तर बासष्टातले अकरा आले. तेव्हा एवढं मनाला लावून घेऊ नकोस.

आता आक्काचं सांगतो. तुझ्या मोठ्या मावशीच्या उजव्या डोळ्यात पांढरं फूल होतं. तू लहान असताना विचारायचीस, आणि आम्ही सांगायचो की देवी आल्या होत्या. ते खोटं होतं. तिला देवी कधी आल्याच नाहीत.

आमचे आई-वडील दसरा झाला की कोयता घेऊन ऊसतोडीला निघायचे. मी धाकटा, मला आजीजवळ ठेवलं, म्हणून माझी शाळा सुटली नाही. आक्काला सोबत नेलं, कारण कोपीवर तुझ्या आईला कुणीतरी सांभाळायला हवं होतं. पुढं तिचं लग्न झालं ते कोयत्याशीच. तुला ठाऊक असेलच, तिकडं नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात. उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, त्या जोडीच्या नावावर असते. एक जण बसला तर दुसऱ्याचंही काम थांबतं आणि मुकादम खाडा लावतो. खाडा म्हणजे नुसती गैरहजेरी नव्हे, वरून दंड.

१९९१ च्या जानेवारीतली गोष्ट. सांगलीकडच्या एका फडात पहाटे धुकं होतं, आणि मोळी बांधताना उसाची पात तिच्या डोळ्यात गेली. पातीची कड करवतीसारखी असते, बोट फिरवून बघ एकदा. तिनं डोळा धुतला, पदराची घडी तोंडाच्या वाफेनं गरम करून शेकला आणि मोळी उचलली. तिसऱ्या दिवशी दाजींनी जवळच्या गावातल्या औषधाच्या दुकानातून थेंब आणले. दुकानदारानं डोळा न बघताच दिले. दोन दिवस लाली उतरली, तिला वाटलं बरं झालं. ते थेंब स्टिरॉइडचे होते. शेतातल्या काडीनं, पातीनं बुबुळाला ओरखडा पडला की बुरशी शिरते, आणि बुरशीला स्टिरॉइड म्हणजे खतपाणी, हे तुला मी सांगायला नको. नवव्या दिवशी ती सरकारी दवाखान्यात पोचली तेव्हा बुबुळावर पांढरा ठिपका धरला होता. हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत, म्हणजे पुढचे दोनेक महिने, तिनं एका डोळ्यानं ऊस तोडला. उचल फिटायची होती.

आणि त्याच आठवड्यात तुझा मामा काय करत होता? तालुक्याच्या शिबिरात रोज शंभर-सव्वाशे डोळे तपासत होता. जिल्ह्याच्या बैठकीत कौतुकही झालं. आक्का गुढीपाडव्याला घरी आली. मी तिच्या डोळ्यात टॉर्च मारली आणि तिच्यावरच ओरडलो, "आक्का, भाऊ डोळ्यांच्या खात्यात असून तुला कळलं नाही?" ती चूल फुंकत होती. तोंड न वळवता म्हणाली, "कळत होतं रे. खाडा कोण भरणार होतं?"

त्या दिवसापासून मी ते किमतीचं वाक्य बोललो नाही. तिला डोळ्याची किंमत चांगली ठाऊक होती, दिवसाच्या दरासकट.

नेपाळात भक्तपूरला १९९० च्या दशकात एक काम झालं ते वाचून मला रात्री झोप आली नव्हती. गावोगावच्या नेत्रसेवकांना शिकवलं: डोळ्याला मार लागलेला माणूस दिसला की त्याला जवळच्या केंद्रावर पाठवायचं, आणि तिथं तपासून ओरखडा निघाला तर क्लोरॅम्फेनिकॉलचं मलम तीन दिवस लावायचं. मलम लावलेल्यांपैकी ९६ टक्के लोकांचा डोळा बिनघोर भरून आला, आणि मार लागल्यापासून अठरा तासांच्या आत ज्यांना मलम मिळालं त्यांच्यात एकालाही जखम चिघळली नाही. अठरा तास, छोटी. आक्काला लागले नऊ दिवस. तुझ्या डॉक्टरसाहेबांशी बोल. औषध तू आपल्या मनानं वाटू नकोस, पण टोळ्या निघायच्या आधी मुकादमांना आणि आशाताईंना एवढं तरी सांगून ठेव, की पात लागली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा आणि दुकानातला थेंब घालायचा नाही. मुकादम ऐकणार नाही म्हणतेस? डोळा गेलेल्या माणसाची उचल बुडते असं सांग, ऐकेल.

दुसरी गोष्ट चाळिशीची. आपल्या भाषेनं जवळच्या चष्म्याला वयाचंच नाव देऊन टाकलंय, पण ही चाळिशी लागते कुणाला? ज्याला पेपर वाचायचाय, पावती फाडायचीय, काज करायचंय त्याला. शिंपी एक्केचाळीसचा झाला की स्वतःच्या पायांनी येतो. सोनार येतो, ग्रामसेवक येतो. येवल्याकडं पैठणी विणणाऱ्या घरांत बघ, चष्म्यावाचून माग चालतच नाही. पण मजुरीवर जाणाऱ्या बाईला विचार, "दिसतं का गं बारीक?" ती म्हणते, "मला काय वाचायचंय?" तिथं तू थांबू नकोस. पुढं विचार: तांदूळ कोण निवडतं? सुईत दोरा कोण ओवतं? कापूस वेचताना कवडी आणि काडीकचरा बाजूला पडतो का? मग ती सांगते, तांदूळ नात निवडते, आणि तोलाला मुकादम फार कटकट करतो.

आसामात चहाचे कोंब खुडणाऱ्या चाळिशीपुढच्या ७५१ मजुरांवर एक प्रयोग झाला होता, २०१८ साली छापून आला. निम्म्यांना जवळचा साधा चष्मा दिला, निम्म्यांना तेव्हा दिला नाही. चष्मेवाल्यांची रोजची तोडणी बाकीच्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. किलोवर पैसे मिळणाऱ्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. तेव्हा चष्मा देताना 'दृष्टी सुधारेल' असलं पुस्तकी वाक्य बोलू नकोस. 'कापूस जास्त भरेल' म्हण. तपासणीच्या टेबलावर वाचायच्या तक्त्याशेजारी एक ताट तांदूळ ठेव, खडे टाकून. मी वीस वर्षं ठेवायचो. साहेब हसायचे, पण निरक्षर बाईचा नंबर त्या ताटावर ज्या खात्रीनं निघायचा तसा कुठल्या तक्त्यावर निघाला नाही.

काही धंदे उलटे असतात, हेही लक्षात ठेव. त्यांत माणूस पैशांपायी नाही, निदानाच्या भीतीनं येत नाही. काळी-पिवळी चालवणारे, ट्रकवाले. ते सर्टिफिकेटापुरते येतात आणि तक्त्याची खालची ओळ पाठ करून येतात. एकानं मला दोन्ही डोळ्यांनी धडाधड अक्षरं म्हणून दाखवली. मला शंका आली म्हणून तक्ता बदलला, तरी त्यानं जुनीच म्हटली. अशांना चारचौघांत नापास करू नकोस, पुन्हा कधीच येणार नाहीत. बाजूला घे, चष्मा लावून गाडी चालवता येते हे सांग. बहुतेकांना वाटतं, चष्मा लागला की लायसन गेलं.

आणि मेंढपाळ. मी अलिबागकडं चार वर्षं होतो तेव्हा दिवाळीनंतर धनगरांचे वाडे घाट उतरून यायचे. एका बाबाचे दोन्ही मोती पुरते पिकलेले. मी म्हटलं, बाबा, तुम्हाला मेंढरं तरी दिसतात का? म्हणाला, "मला कशाला दिसाय पाहिजेत? त्यांना मी दिसतो की." घंटीवरून आणि वासावरून तो आपलं कोकरू ओळखायचा. त्याला माझी गरज वाटेपर्यंत आणखी दोन वर्षं गेली, तोवर वाडा पुढच्या गावी. त्याच्या नावापुढं मी कुठल्या गावाचा पत्ता लिहिणार होतो?

आता मूळ मुद्द्यावर येतो. तुझी यादी झाली दसऱ्याच्या आधी, आणि गाडी आली जानेवारीत. मधल्या काळात अर्धं गाव उसाला गेलं. आपली शिबिरं थंडीतच का होतात? म्हाताऱ्या सांगतील, उन्हाळ्यात डोळा पिकतो, घाम जातो. पूर्वी शामियान्यात ऑपरेशनं व्हायची, टाके असायचे, तेव्हा त्यात काही तथ्य असेलही. आता थिएटर थंड असतं, छेद लहान असतो, बहुतेक वेळा टाका नसतो. मोतीबिंदू बाराही महिने काढतात. खरं कारण दुसरं आहे, आणि ते तूही एवढ्या महिन्यांत शिकली असशील: मार्च एण्ड. टार्गेट ३१ मार्चला पुरं करायचं, म्हणून जानेवारी ते मार्च आपण गावोगाव धावतो. नेमकं तेव्हाच कारखाने पेटलेले असतात आणि तुझ्या बालाघाटातले कोयते कोल्हापूर-सांगलीपासून कर्नाटकापर्यंत पांगलेले असतात. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून आहे. या पन्नास वर्षांत आपण डोळ्यात भिंग बसवायला शिकलो, शिबिराचा महिना बदलायला काही शिकलो नाही.

गावात मागं राहतात त्या म्हाताऱ्या. त्यांच्या रकान्यात 'काही नाही' लिहितात. काही नाही कसं? पोराची दोन पोरं, एक म्हैस, तीन शेळ्या, आणि नळाला पाणी येईल तेव्हाच येणार. तिचा मोतीबिंदू तू यादीत घेतलास, पण ती गाडीत बसली असती तर त्या पोरांना रात्री भाकर कुणी दिली असती? देशात पन्नाशीपुढच्यांना येणाऱ्या अंधत्वात दोन-तृतीयांश वाटा मोतीबिंदूचा आहे, आणि त्यातल्या कितीतरी बायका अशाच 'काही नाही' करत बसलेल्या असतात. त्यांची मुलं-सुना गुढीपाडवा ते अक्षय्य तृतीया या काळात घरी परततात. तेव्हा पोरं सांभाळायला माणूस असतं, हातात हिशेबाचे चार पैसे असतात, पेरणीला दीड-दोन महिने असतात. तुझ्या भागातला मोकळा महिना वैशाख आहे. कोळीवाड्यात असतीस तर तो जून-जुलै असता, बोटी किनाऱ्याला लागलेल्या असताना. भातवाल्या गावात लावणी-कापणीचे दिवस सोडून काहीही चाललं असतं. हे कुठल्या परिपत्रकात येणार नाही. मी एकदा वरती लेखी कळवलं होतं. 'प्रकरण दप्तरी दाखल' असा शेरा येऊन ते परत आलं.

वर्षभराचं म्हणशील तर आठवडी बाजार धर. मदुराईच्या अरविंदवाल्यांनी शिबिरांच्या जोडीला गावोगाव कायमची दृष्टिकेंद्रं काढली. आपल्याकडं ती होतील तेव्हा होतील. तोवर बाजाराच्या दिवशी ओपीडीतून उठून चौकात टेबल टाक. मजूर त्या दिवशी कामावर नसतो, आठवड्याची मजुरी हातात असते, आणि बाई एकटी आली तरी कुणी विचारत नाही. तुझ्या टेबलाला भाजीच्या ओळीत जागा मिळेल असं बघ. कपड्यांच्या ओळीत मजूर बाई फारशी फिरत नाही.

पत्र फार लांबलं. ताईला, म्हणजे तुझ्या आईला, माझा नमस्कार सांग, आणि देवीच्या त्या खोट्याबद्दल आता तिच्यापुढं बोललीस तरी चालेल, तिला सगळं ठाऊक आहे.

न आलेल्या एक्कावन्न जणांची यादी फाडू नकोस. तोच कागद घेऊन आशाताईंबरोबर बस आणि प्रत्येक नावापुढं दोनच गोष्टी लिही: हा माणूस नेमकं काय काम करतो, आणि ते काम कोणत्या महिन्यात बंद असतं. मग तारीख ठरव. अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी मी सकाळच्या एसटीनं येतो. दीड आणि दोन नंबरच्या शंभर चाळिश्या माझ्याकडं आहेत, त्या घेऊन येतो. तांदळाचं ताट तुझ्याकडचं काढून ठेव.

तुझा,
मामा